कितीतला एक सीसी

एस्तेर,

परवा तुझी शोकसभा झाली. मी मधूनच उठून जाणार होते, पण पुढच्या बाकावर तुझे वडील बसले होते, तिसगावचे गुरुजी, टोपी मांडीवर ठेवून. त्यांच्याकडे बघून गप्प बसून राहिले.

पहिल्यांदा मेट्रनबाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एस्तेर फार गोड स्वभावाची होती. कधी कुणाला उलटून बोलली नाही." माझ्या रांगेतल्या सगळ्या नर्सांनी माना खाली घातल्या. अर्ध्या रडत होत्या आणि अर्ध्यांना हसू आवरत नव्हतं. तू कधी उलटून बोलली नाहीस? अगं बाई, तू सरळ कधी बोललीस? मेसमधल्या आचाऱ्याशी आमटीच्या मिठावरून भांडलीस, एसटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडलीस, माझ्याशी तर कंदिलाची काच कुणी पुसायची यावरून सुद्धा भांडलीस. त्यांच्या डोळ्यांदेखत हे सगळं झालं आणि आता म्हणे गोड स्वभाव.

मग कुणीतरी म्हणालं, प्रार्थनेला एस्तेरचा आवाज घुमायचा. घुमायचा तर खरा. तू तोंड उघडलंस की पेटीवाला दचकून पट्टी सोडायचा, हे सांगायचं मात्र राहिलं. पुढचा म्हणाला, तिचा हात फार हलका होता. एस्तेर, तुझी सुई दुखायची. मुलांच्या वॉर्डात तू ट्रे घेऊन आलीस की पोरं खाटेखाली शिरायची. हे मी तुझ्या तोंडावर सांगत आले, आता पाठीमागे सांगायला मी काही भीत नाही.

शेवटी ठरलं की तुझ्या नावाची पांढरी फरशी मुलांच्या वॉर्डाच्या दारावर बसवायची. 'कुमारी एस्तेर हिच्या गोड सेवेच्या स्मरणार्थ.' सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझ्या गणिताबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. वॉर्डातल्या त्या पोरीबद्दल, भिमीबद्दल, तर नाहीच नाही. तू ज्यासाठी सगळ्यांचा वाईटपणा घेतलास तेवढं नेमकं वगळून उरलेल्या तुझ्यावर फुलं वाहिली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की घरी येऊन मी दोन तांबे पाणी प्यायले, आणि पाण्याची काय टंचाई आहे ते तुला माहीत आहे.

म्हणून हे लिहिते आहे. आणखी एका कारणासाठी पण लिहिते आहे, ते शेवटी सांगेन. तू मला एक काम सांगून गेलीस ना, त्याचं.

तुला आठवतं, नगरला ट्रेनिंगला आपण एका खोलीत आलो तेव्हा मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते. मी श्रीगोंद्याकडची, उसाच्या फडात वाढलेली, घरात पहिली मॅट्रिक. तू मास्तरांची मुलगी, पुस्तकाला कव्हर घालणारी. मला वाटायचं ही शिष्ट आहे. मग औषधाच्या मापाचा तो पहिला पेपर आला. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला सूत्र पाठ करून घेतलं होतं, हवं भागिले आहे, गुणिले पाणी. डॉक्टरांनी किती द्यायला सांगितलं ते हवं, बाटलीत किती ते आहे, आणि ते किती पाण्यात कालवलं ते पाणी. मी पेपरात घाबरून ते उलटं लिहिलं, आहे भागिले हवं. उत्तर असं आलं की त्या पेशंटला अख्खी पिचकारी चारदा भरून टोचावी लागली असती. वर्गात सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. संध्याकाळी मेसच्या ओट्यावर कोळशानं रेघा ओढून म्हणालीस, "कौसे, सूत्र विसर. तुमच्याकडं ऊस गाडीनं जातो ना?"

"व्हय," म्हटलं.

"तीन गाड्या गेल्या. एका गाडीत पन्नास मोळ्या. एका मोळीत वीस ऊस. किती?"

मी तोंडानं गुणायला लागले तर तू हातावर चापट मारलीस. "आकडा एकटा सोडायचा नाही. त्याच्यापुढं तो कशाचा ते लिहायचं." मग लिहिलंस, तीन गाड्या, गुणिले पन्नास मोळ्या दर गाडीला, गुणिले वीस ऊस दर मोळीला. "गाडी वर आहे, गाडी खाली आहे, कापली. मोळी वर, मोळी खाली, कापली. काय उरलं?"

"ऊस."

"तुला काय पाहिजे होतं?"

"ऊस."

"मग बरोबर आहे. आता खुशाल गुणाकार कर. शेवटी गाडी उरली असती किंवा मोळी, तर आकडा कितीही छान दिसू दे, गणित चुकलं."

तुला हे गुरुजींनी शिकवलं होतं. शाळेत कुणी नुसतं पाच लिहिलं की ते विचारायचे, "पाच काय? पाच म्हशी?" आणि अख्खा वर्ग हसायचा. शेर लिही, कोस लिही, नुसता पाच लिहू नको. तेच तू मिलिग्रॅमला आणि सीसीला लावलंस. त्या दिवसापासून माझं एकही माप चुकलेलं नाही. हे मी तुला कधी नीट बोलून दाखवलं नाही, कारण तू आधीच फुगलेली असायचीस. आता बोलते. ते कोळशाचं गणित माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक सुईत होतं.

नोकरी लागल्यावर तर तुझा ताप वाढला. कुणी म्हणालं "एक द्या" की तुझं ठरलेलं, "एक काय?" वॉर्डबॉय म्हणाला दोन आणा, "दोन काय?" पेशंटच्या सासूनं विचारलं रोज किती द्यायचं, तू विचारणार किती काय. लोक वैतागायचे. मी पण वैतागायचे. मेट्रनबाईंना तर तुझा हा शब्द कानावर पडला की कपाळावर आठी यायची.

बाईंबद्दल मी आज चांगलं बोलणार नव्हते, पण तू ऐकून घेणार नाहीस म्हणून थोडं बोलते. त्यांच्यासारखा हात या जिल्ह्यात नाही. वाळलेल्या म्हाताऱ्याची शीर असो की दोन महिन्यांच्या पोराची, बाईंनी बोट फिरवलं की सापडते. त्यांनी सुई दिली तर पोरं रडायची विसरतात. सगळी मापं त्यांना तोंडपाठ. कागद बघावा लागत नाही, याचाच त्यांना अभिमान. आणि तुला कागदाशिवाय चालत नाही, याचा त्यांना राग. "हातात माप असावं लागतं, एस्तेर, पाटीवर नाही," असं त्या म्हणायच्या, आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं करून भिंतीवर खडूनं मांडत बसायचीस.

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी दवाखान्याची विहीर निम्म्यावर आली, दुसऱ्या वर्षी तळाचा गाळ दिसायला लागला. मेसमध्ये परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. टँकर आला तर आला. आणि इंजेक्शनला लागणारं डिस्टिल्ड वॉटर आपण इथेच काढायचो. पाणी उकळून वाफ धरायची आणि नळी थंड ठेवायला वरून आणखी पाणी सोडायचं. एका तांब्याच्या शुद्ध पाण्यापायी बादल्या जायच्या. ते परवडेना, तेव्हा बाईंनी हुकूम काढला. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची एक ग्रॅमची बाटली आजवर चार सीसीत कालवत होतो, ती आता दोन सीसीतच कालवायची. औषध तेच, पाणी निम्मं. म्हणून पिचकारीत पण निम्मंच भरायचं, जिथं एक सीसी देत होतो तिथं अर्धा.

हुकूम शहाणपणाचा होता. तू पण म्हणालीस, पाणी वाचेल आणि पोरांना टोचणं पण कमी होईल. फक्त एवढं म्हणालीस की बाई, पेशंटच्या कागदावर सीसी लिहिणं आता बंद करूया. सीसी म्हणजे पाणी. पाणी बदललं की त्याचा अर्थ बदलतो. मिलिग्रॅम लिहूया, ते काही दुष्काळानं बदलत नाहीत. आणि प्रत्येक बाटलीला चिठ्ठी लावूया, एका सीसीत किती मिलिग्रॅम. बाई म्हणाल्या, "सगळ्यांना तोंडी सांगून झालंय. एवढं लक्षात राहत नाही का कुणाच्या?" डॉक्टर नगरहून आठवड्यातून दोनदा येतात, त्यांना विचारलंस तर ते म्हणाले, वॉर्ड मेट्रनबाईंचा आहे, त्यांना विचारा. झालं. कागदांवर जुनंच राहिलं, स्ट्रेप्टो, एक सीसी, रोज.

आणि त्याच वेळी तू बहिणीच्या लग्नाला तिसगावला गेलीस.

मी तेव्हा बाळंतिणींकडे होते. मुलांच्या वॉर्डात तुझ्या जागेवर कुणाला घालायचं, तर बाई म्हणाल्या मीच बघते. त्यांना पोरांचा लळा होता, त्यात खोटं नाही. भिमीला तेव्हा येऊन थोडे दिवस झाले होते. साडेबारा किलोची पोर, छातीत क्षय, आई सखू दुष्काळी कामावर खडी फोडणारी. वजनाला किलोमागं वीस मिलिग्रॅम, म्हणजे भिमीला अडीचशे. जुन्या पाण्यात ते बरोबर एक सीसी व्हायचं. नव्या पाण्यात अर्धा.

बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, अर्धा भरा. सगळ्यांनी अर्धा भरला. आणि बाईंचा स्वतःचा हात मात्र दांडा ओढताना जुन्याच रेघेवर जाऊन थांबला. वर्षानुवर्षं ज्या रेघेवर थांबला तिथंच. कागद तर त्या बघत नव्हत्या, आणि बघितला असता तरी कागदावर एक सीसीच होतं. तू गावाला होतीस ते सगळे दिवस भिमीला रोज दुप्पट औषध गेलं, इतक्या हलक्या हातानं की ती एकदाही रडली नाही.

तू परत आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. हाताची हळद अजून गेली नव्हती. पिशवी खोलीवर टाकून तू सरळ वॉर्डात गेलीस, मी लग्नाचे लाडू मागायला मागोमाग. भिमी खाटांना धरधरून चालत होती. सखू म्हणाली, "पडून पडून पोरीच्या पायातलं बळ गेलंय, सिस्टर. लई अशक्त झालीया." तू भिमीला भिंतीपासून लांब उभं केलंस आणि म्हणालीस, डोळे मीट. तिनं डोळे मिटले आणि ती आडवी व्हायला लागली. तू धरलीस म्हणून, नाहीतर फरशीवर डोकं आपटलं असतं. "अशक्त न्हाई, आक्का," तू म्हणालीस, आणि तुझा चेहरा असा झाला की मी लाडवाचं विसरले. स्ट्रेप्टोमायसिन जास्त झालं की आधी तोल जातो आणि मग कान जातो. आणि कान गेला की परत येत नाही. हे आपण दोघी एकाच बाकावर शिकलो होतो.

तू कपाट उघडून बाटल्या बघितल्यास. उरायला हव्या होत्या त्यापेक्षा कमी होत्या. तेवढ्यात बाई आल्या.

"बाई, भिमीला किती देता?"

"एक."

"एक काय?"

"एक सीसी. एवढं माहीत नाही तुला?"

"कितीतला एक सीसी?"

मला अजून ते दिसतं, त्यांचा उजवा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला. त्यांना कळलं होतं, एस्तेर. त्याच क्षणी कळलं होतं. तिथंच थांबली असतीस तर काय झालं असतं कोण जाणे. पण तू खडू घेतलास. वॉर्डाच्या हिरव्या भिंतीवर, सगळ्या आयाबायांच्या देखत मांडलंस. अडीचशे मिलिग्रॅम, गुणिले दोन सीसी, भागिले हजार मिलिग्रॅम. मिलिग्रॅम कापला, सीसी उरला, अर्धा. त्याच्याखाली बाई देत होत्या तो एक. आणि एकाखाली दोन रेघा ओढल्यास.

बाई म्हणाल्या, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी सुया देतेय."

"म्हणूनच, बाई," तू म्हणालीस.

यावरून आपलं भांडण झालं ते मिटलंच नाही. मी म्हणाले, बाईंना खोलीत नेऊन सांगायचं होतंस, चारचौघांत कशाला? तू म्हणालीस, भिमीला टोचलं ते पण चारचौघांतच. मी म्हणाले, माणसाला कोपऱ्यात घातलं की ते चूक कबूल करत नाही, उलट गच्च धरून बसतं. तू म्हणालीस, कबूल करू दे नाहीतर न करू दे, भिंतीवर तर लिहून झालं. तुला खरं सांगू? मी अजून माझंच म्हणणं धरून आहे. तू गेलीस म्हणून मी काही हरले नाही. उठून भांडायला येत असशील तर ये.

दुसऱ्या दिवशी भिंत पुसलेली होती. पाणी वाचवा म्हणून ज्यांनी औषधातलं पाणी निम्मं केलं त्यांनी भिंतीवरची चार अक्षरं पुसायला अर्धी बादली घालवली. हे मात्र मी शोकसभेत उठून सांगणार होते. भिमीच्या सुया डॉक्टरांनी बंद केल्या, नुसत्या गोळ्यांवर ठेवलं, आणि थोडी उभी राहायला लागली तशी सखू तिला कडेवर घेऊन कामावर परत गेली. हजेरी बुडत होती. कागदांवर 'एक'चं 'अर्धा' झालं. अर्धा काय, कितीतला, ते तेव्हा पण कुणी लिहिलं नाही. आणि नव्या आठवड्याच्या पाळीत तुझं नाव वॉर्डात नव्हतं. दुष्काळी कामांवर जाऊन पटकीच्या सुया द्यायच्या यादीत होतं.

मी म्हणते बाईंनी तुला काढलं. शिक्षा म्हणून उन्हातान्हात पाठवलं. तू म्हणायचीस, न्हाई, मीच मागून घेतलं, भिमी तिकडं कुठं सापडते का बघायला. यातलं खरं काय ते तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. बाईंना मी विचारणार नाही, कारण त्या काहीही म्हणाल्या तरी माझा विश्वास बसणार नाही. पण एवढं मला माहीत आहे की तू पाझर तलावाच्या त्या कामांवर मजुरांना वाटतात ती सुकडी खाऊन, बायकांच्या घागरीतलं गढूळ पाणी पिऊन राहिलीस. पिऊ नको म्हणून मी निरोप पाठवला, तर तू उलटा निरोप पाठवलास, "त्या पितात मग मी काय अत्तर पिऊ?" कामाकामावर भिमीला शोधत फिरलीस. सखू तोवर पार पाथर्डीच्या पलीकडच्या कामावर गेली होती, तिथवर तू पोचलीच नाहीस. एसटीतून उतरलीस तेव्हा तुझे डोळे पिवळे झाले होते.

कावीळ. आपण कितीजणांना त्यातून उठवलं, एस्तेर. कितीजणांना मुळं नको, गंडे नको म्हणून सांगितलं आणि ती माणसं चालत घरी गेली. तूच तेवढी नेमकी गेलीस. मला तुझा पण राग येतो. बाईंचा येतो, डॉक्टरांचा येतो, त्या न पडणाऱ्या पावसाचा येतो, आणि त्या घागरीला तोंड लावलंस म्हणून तुझा सगळ्यांत जास्त येतो.

ग्लुकोजची बाटली बाई स्वतः लावायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. तू म्हणालीस, "बघ कौसे, दुखलंच नाही," आणि हसलीस. मी बाटलीचे थेंब नुसते नजरेनं ठरवत होते, तर त्या अवस्थेत मला विचारलंस, "मिनिटाला किती थेंब? घड्याळ लाव. मी आजारी आहे, आंधळी नाही." मग म्हणालीस, बाईंचा राग धरू नको. त्यांना गणित येत नाही असं नाही, त्यांना थांबता येत नाही, हात पुढे जातो. मी म्हणाले, तू बरी हो, मग बघू राग धरायचा का सोडायचा.

आणि शेवटच्या दिवशी तू भिमीचंच काढलंस. "औषधाला सखू कधीतरी येईलच. आली की भिमीला मागून हाक मार. समोरून नको. समोरून ती तोंडाकडं बघून ओळखेल. मागून, आणि हळू." मी हो म्हणाले. तुला आणखी खूप काही सांगायचं होतं, पण बाई खोलीतच होत्या, पायाशी उभ्या, आणि त्यांच्यापुढे मला सांगायचं नव्हतं. ते राहून गेलं. याचा पण राग आहे.

आता कामाचं सांगते.

आज सकाळी फरशी बसवायला गवंडी आला होता. बाई दाराशी उभ्या राहून सरळ आहे का बघत होत्या. मी ट्रे घेऊन बाहेर येत होते आणि फाटकातून सखू आली, कडेवर भिमी. गोळ्या संपल्या म्हणून दोन एसटी बदलून आली होती. तू गेलीस हे तिला माहीत नव्हतं. तिनं भिमीला खाली ठेवलं. पोर चालते आता, थोडी तिरकी जाते, पण धरावं लागत नाही. ती लिंबाखाली जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून, गवंड्यानं टाकलेल्या वाळूत बोटं घालून खेळायला लागली.

मी गवंड्याला म्हटलं, जरा ठोकाठोक थांबव. त्यानं थांबवली. मी भिमीच्या मागे जाऊन उभी राहिले. हाक मारायची होती, मागून आणि हळू. एस्तेर, माझ्या तोंडून आवाजच फुटेना. ती वळली नाही तर काय, एवढंच डोक्यात. तू असतीस तर तुझ्या त्या फाटक्या आवाजानं केव्हाच ओरडली असतीस. मी ट्रे हातात धरून नुसती उभी.

"भिमे."

माझ्या पाठीमागून. बाईंचा आवाज होता, पोराला सुई देताना काढतात तसा, अगदी खालचा. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलंच नाही. त्यांनी पण तुझं बोलणं ऐकलं होतं ना त्या दिवशी, पायाशी उभं राहून.

पोर वळली. वळून बाईंकडे बघितलं आणि वाळूची मूठ वर करून दाखवली.

बाई वॉर्डाच्या पायरीवर बसल्या. एवढ्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पातळानिशी, चुन्यात. मग सखूला जवळ बोलावलं आणि विचारलं, "हिला रोज औषध किती देतेस?"

"तुमीच सांगितलेलं की, बाई," सखू म्हणाली. "सकाळच्याला एक."

"एक काय?" बाईंनी विचारलं.

तुझाच शब्द. ज्या शब्दानं त्यांच्या कपाळाला आठी यायची, ज्या शब्दापायी तू वॉर्डातून गेलीस, तोच, तुझ्याच ठेक्यात. सखूनं पुडी काढून दाखवली, बाईंनी तिच्यावरचे मिलिग्रॅम वाचले, भिमीला काट्यावर उभं करून वजन घेतलं आणि माझ्याकडे हात केला. "कौसल्या, खडू दे." मी दिला. त्यांनी त्याच हिरव्या भिंतीवर मांडलं. हळूहळू, अडखळत, आकड्यापुढे कशाचा ते लिहीत. किलो कापला, मिलिग्रॅम कापला, उरली गोळी. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरोबर आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. मला एवढा संताप आला की मी कपाटाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आता बाईंनी भिंतीवर लिहिलं. तुला मातीत ठेवून झाल्यावर. तू उभी होतीस तेव्हा हे का झालं नाही, हे मी त्यांना एक दिवस विचारणार आहे, चारचौघांत नाही, खोलीत नेऊन. फरशी मात्र बसली. गोड सेवेच्या स्मरणार्थ. राहू दे, आल्यागेल्याला मी तिच्याखाली उभी राहून खरं काय ते सांगेन.

तोवर तू निवांत झोप. भिमीला ऐकू येतं, एस्तेर. पहिल्याच हाकेला वळली.

तुझी,
कौसा